खोकल्याचं औषध

नंदगडच्या मेडिकलात गेलेच नाही.
तिथला बसाप्पा मामाला ओळखतो,
आणि मामा सगळ्या गावाला.
पहिल्या गाडीनं बेळगाव गाठलं.

शहापुरात एकजण चष्म्यावरनं बघत म्हणाला,
चिठ्ठी आणा.
दुसरा म्हणाला, मालकांना पाठवा.
तिसऱ्याकडं पाच बाप्ये उभे होते;
मी खोकल्याचं औषध घेतलं.

बहात्तरातले एकतीस तास संपले होते.

खडेबाजाराच्या कोपऱ्यावर
गल्ल्याशी एक पोरगी.
कोटावरचं नाव कन्नडात, मला वाचता येईना.
तिचं मराठी माझ्या कन्नडाएवढंच.
ज्या पाट्यांपायी इथं डोकी फुटतात
त्यातल्या एकीवरही
मला हवा तो शब्द
कुठल्याच लिपीत नव्हता.

म्हटलं, ती... परवा रात्रीची...
ती म्हणाली, आ मात्रे?

मात्रे. मात्रा.
एवढं जुळलं, पुरलं.

तिनं कागदात गुंडाळली नाही.
डोकेदुखीची ठेवावी तशी
काउंटरवर ठेवली, पावतीसकट,
आणि आपली पाण्याची बाटली पुढं सरकवली.
ईगले, म्हणाली. आत्ताच.

परतताना गाडीत
शेजारची बाई गर्लगुंजीपर्यंत खोकत होती.
बाटली तिला देऊन टाकली.
किती झाले, म्हणाली.
म्हटलं, राहू दे,
चुकून घेतलेलं.