छाट

तिचं नाव कागदावर लिहायचं नसतं.
सोळा-शून्य-सतरा, एवढंच. वय एकोणपन्नास.
मी मात्र पेन्सिलीनं कोपऱ्यात लिहिलं होतं, बालामणी चिप्पा,
आणि ऑडिटच्या आदल्या दिवशी खोडलं.
रबराचा काळा चुरा अजून फाईलच्या शिवणीत आहे.

संमतीपत्र बारा पानी.
मी वाचायची, सून तेलुगूत उलगडायची.
'गुदाशय' आल्यावर ती अडली,
कॅलेंडरकडे बघत म्हणाली, खालचं.
पुढची नऊ पानं त्या एका शब्दावर निभावली.

दोन गट आहेत, मी सांगितलं.
रेडिएशन आणि गोळ्या दोघांनाही.
पहिल्यात मग ऑपरेशन, सलाईनची केमो त्यानंतर.
दुसऱ्यात ती केमो ऑपरेशनच्या आधीच उरकायची.
यातला बरा कुठला?
ते माहीत नाही, म्हणून तर हे सगळं.
मोठ्या डॉक्टरांना पण नाही?
कुणालाच नाही.

बटण दाबलं. पहिला गट, म्हणजे जुनीच पद्धत.
ती म्हणाली, छाटात गेले मी.

विडी घरकुलात छाट कुणाला समजवावी लागत नाही.
हजार बिड्या नेऊन ठेवायच्या.
तपासनीस बोटानं पन्नास-साठ बाजूला सारतो,
ढिली, वाकडी, तोंड उघडं,
त्यांचे पैसे नाहीत.
आणि त्या तो परतही देत नाही.

तसं नाही हो अम्मा, म्हटलं,
तुम्ही नसाल तर नव्याची तुलना कशाशी करणार?
मला वाटलं, छान बोलले.
तपासनीसपण गोडच बोलतो, ती म्हणाली,
आणि अंगठा पुढे केला.

पंचवीस दिवस, शनिवार-रविवार सोडून.
पंचवीस म्हणजे एक कट्टा. हिशोब तिला सोपा होता.
यंत्राखाली जाताना मूत्राशय भरलेलं लागतं.
पाचव्या दिवशी नळ येणाऱ्या शहरात
रोज सकाळी अर्धा लिटर पाणी पी म्हणणारी मी,
आणि कळ दाबून बाकावर बसलेली ती.
मनगटावर नवऱ्याचं नाव लहानपणीच गोंदलेलं.
आता कमरेला तीन ठिपके.
हे कुणाचे, तिनं विचारलं.
टेक्निशियन हसला. मला हसता आलं नाही.

चौथ्या आठवड्यात तळहात सोलले.
मी लिहिलं: हात-पाय, श्रेणी दोन.
बाकीच्याला फॉर्ममध्ये चौकट नव्हती.
पान कापायची कात्री धरवत नाही,
म्हणून कार्ड तिचं, बिड्या सुनेच्या.
रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही.
पदराला पुसला, तेल लावलं, थुंकी लावली,
मशीन म्हणतं, जुळत नाही.
दुकानदार शेजारच्या गल्लीतला.
म्हणाला, बालामणक्का, तू आहेस हे मला दिसतंय गं.
पण तांदूळ दिला नाही.

त्या संध्याकाळी मी कपाट उघडून संमतीपत्र काढलं.
निळा अंगठा, रेष न् रेष शाबूत.
आता तो तेवढाच होता,
माझ्याकडे, कुलपात.

डोस कमी केला. नोंद केली. सही, तारीख, वेळ.

मागच्या महिन्यात आलेख आला.
दोन रेषा, पायऱ्या उतरत जाणाऱ्या.
प्रत्येक पायरी म्हणजे कोण ते मला ठाऊक आहे,
हे कुणाला सांगायचं नसतं.
मधेमधे बारीक उभ्या खुणा:
शेवटचं पाहिलं तेव्हा जिवंत.
त्यातली एक तिची, वरच्या रेषेवर नाही, खालच्या.

गड्ड्याची जत्रा उठल्यावर ती तपासणीला आली.
पिशवी पोटाशी, लुगड्याखाली, सवयीची झालेली.
कुठला गट बरा निघाला?
दुसरा, म्हटलं. थोडासाच.
सांगितलं नव्हतं, छाट?
मी फाईलची पानं उलटत राहिले.
छाटातली पण पेटते हो, ती म्हणाली,
आणि अंगठा दाखवला. रेशन मिळायला लागलंय.
मग बाकावर बसून
बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायली, सगळं,
आता कुणी सांगितलेलं नसताना.