फर्मा

ससाणेकाका दुकानात आले ते फरशीकडे बघतच.
त्यांची मान आता तशीच असते.
म्हणाले, "खुर्ची हवी. पाठ सरळ करणारी नको,
तसल्या दोन आहेत घरी, त्यांवर टॉवेल वाळतात.
या पाठीला बसेल अशी कर."

जाड ॲल्युमिनियमची तार मी सदऱ्यावरून दाबत नेली
मानेपासून माकडहाडापर्यंत.
बुधवारातल्या छापखान्यात
एकेचाळीस वर्षं खिळे जुळवले या माणसाने.
तार अलगद उचलून प्लायवूडवर ठेवली, पेन्सिल फिरवली.
काका वाकून (वाकलेलेच होते) बघत म्हणाले,
"अरेच्चा. स्वल्पविराम."

टिंबर मार्केटात जुन्या चौकटीचा साग मिळाला.
तीन-तीन मिलिमीटरच्या नऊ पट्ट्या काढल्या.
एकटी पट्टी बोटावरसुद्धा वाकते.
नऊ एकत्र धरा,
भावकीसारख्या अडून बसतात.

गुरुवार. भवानी पेठेत लाईट नाही, नळाला पाणी नाही.
फेव्हिकॉलला दोन्हीची गरज नसते.
त्याला घड्याळ लागतं. वीस मिनिटं,
पुढे तो कुणाचं ऐकत नाही.
बंद पडलेल्या एटीएम कार्डाने भराभर पसरला,
ठोकळ्याला मेण आधीच चोळलं होतं.
शिकंजे माझे सहा,
बोहरी आळीतून नवे घेतलेले चार,
शेजारच्या तौफिकने न विचारता आणून टाकलेले तीन,
त्यातल्या एकाचा स्क्रू अर्ध्यावर अडतो.
मधून सुरुवात. मग एक डावा, एक उजवा.
घट्ट, पण सगळा रस पिळून निघेल इतकं नाही.

सातव्या शिकंज्याला पट्ट्या सरकल्या,
ओल्या साबणासारख्या.
मी शिवी दिली. गुडघ्याने रेटलं.
तौफिक सायकलची फाटकी ट्यूब घेऊन धावला,
ताणून ताणून वेढे दिले
आणि कडेला पांढरे मणी उभे राहिले, एका ओळीत.
म्हणजे आत सगळीकडे पोचला.

काका स्टुलावरून बघत होते.
"या ठोकळ्याला काय म्हणतेस?"
"फर्मा."
"आम्हीही फर्माच म्हणायचो.
ओळीवर ओळ, मधे शिशाची पट्टी,
चहूबाजूंनी आवळायचं.
उचलला की एक खिळा गळता कामा नये."
जरा थांबून, "एकदा गळला. 'विनम्र'चा 'वि'.
चारशे पत्रिका वाटून झाल्या,
कुणाला फरक कळला नाही."

डिसेंबरात फेव्हिकॉल सुस्तावतो, म्हणून दोन रात्री ठेवलं.
शनिवारी एकेक शिकंजा सोडला.
शेवटचा सुटताना लाकूड बारीक कुरकुरलं
आणि थोडं मागे आलं.
येतंच ते.
त्यासाठी वळण मी चार मिलिमीटर जास्त दिलं होतं,
आलं सहा.

पुढचे आठ दिवस पाय, घासणं, तेल.
खुर्ची उभी राहिली तेव्हा मी सांगून टाकलं,
"दोन मिलिमीटर कमी वाकलीय, काका.
नवीन करून देते."
ते बसले. टेकले.
पाठीमागे हात नेऊन कडेवर नख फिरवलं,
एकेक थर मोजला, खालून वर.
"नऊ," म्हणाले. "राहू दे.
तेवढा मी येईन मागे."

मग बराच वेळ गप्प.
मला वाटलं टोचतंय कुठेतरी.

"तुझ्या पंख्याला," ते म्हणाले,
"केवढी जळमटं झालीत गं."