हातातल्या सामानात

उजळाईवाडीच्या विमानतळावर
जवानानं पिशवी उलटी केली.
तीन बॅटऱ्या, टोकांना चिकटपट्टी,
प्रत्येकीला अर्धा किलो भडंगाची रिकामी पिशवी.
"हे काय?"
"रेडिओच्या. सुट्या बॅटऱ्या पोटात टाकायच्या नसतात,
विमानाच्या म्हणतोय. तिथं पेटली तर कळणार कुणाला?
माणसाजवळच पाहिजेत."
त्यानं वास घेतला. लसूण.

बारा पूर्णांक आठ व्होल्ट, सहा अँपिअर-तास,
गुणाकार सत्त्याहत्तर. शंभरापर्यंत चालतं.
उद्यमनगरात लेथवर तीस वर्षं काढली,
तरी त्याच्यासमोर पाढा अडखळला.

"एवढ्या कशाला?"

मच्छिंद्री झाली त्या साली
चिखलीच्या शाळेच्या गच्चीवर तार ताणून
दोन रात्री बोलत होतो मी.
हैदराबादेत नागनाथ येमूल
नुसतं "ऐकतोय, बोला" म्हणायचा.
तिसऱ्या रात्री बॅटरीनं मान टाकली
ती वाक्याच्या मध्यावर.
हे जवानाला काय सांगायचं?
"दोस्ताला न्यायच्यात," म्हटलं.
त्यानं स्टिकरवरचा आकडा दोनदा वाचला,
आणि जा म्हणाला.

आता खिडकीखाली राजाराम बंधारा, उसाचे पट्टे,
सगळी यंत्रं बंद ठेवायची सूचना.
पायाशी पिशवी, तिला पाऊल लावून बसलोय.
येमूलचं तोंड मी कधी पाहिलेलं नाही.
बाहेर पडताना गर्दीत नुसतं उभं राहीन,
कुणीतरी "बोला" म्हणेपर्यंत.

फक्त ते वाक्य कुठं तुटलं होतं
तेवढं काही केल्या आठवत नाही.