झाकण

नळ आला पहाटे चारला, पाचव्या दिवशी.
पिंप, घागरी, बादल्या, शेवटी तांब्यासुद्धा भरून झाला,
आता कुठली झोप,
म्हणून मैदा काढला.

एप्रिलातल्या सोलापुरात लोणी
नुसतं नाव घेतलं तरी वितळतं.
मैद्याची परात रात्रभर माठाला टेकवून ठेवलेली.
बोटांच्या टोकांनीच चोळायचं,
तळहात लावायचा नाही,
तळहात गरम असतो. नर्सचा जास्तच,
असं आपलं मला वाटतं.

सिव्हिलमध्ये पाटणकर सिस्टर रिटायर झाल्या
त्या दिवशी खाल्ला होता पहिल्यांदा.
एक तुकडा रुमालात गुंडाळून घरी आणला, म्हटलं, पाय आहे.
आई घरात तेलुगू बोलते,
पण दचकली मराठीत:
"कुणाचा?"

मग तिनं तो दोन दिवस थोडा थोडा खाल्ला,
दर वेळी वरचा पापुद्रा उचलून
आत बघत.

तर आज आत काय, ते मीच ठरवलं.
तळाला शेंगाचटणीचा थर,
भाजीला सुटलेलं पाणी ती पिऊन टाकते.
त्यावर गाजर, दोडका, ढबू मिरची,
कोवळी मेथी न चिरता, नुसती खुडून.
मटार नाहीत, एप्रिलात मटारांचा भाव विचारू नये.
आणि चीज, चौकोनी डबीतलं, आठ तुकडे किसून.
सातच घालणार होते.

झाकणासाठी पट्ट्या कापल्या.
चित्रात पाहिली होती तशी जाळी,
एक पट्टी वर, एक खाली.
नायनांना हाक मारली, ओरडूनच मारावी लागते.
चौतीस वर्षं टॉवेलच्या मागावर,
अक्कलकोट रोडनं त्यांचे कान ठेवून घेतले.
मला वाटलं, विणतील,
खूश होतील.

नायनांनी पट्ट्यांकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
"खायचं पण विणूनच का?"
सगळ्या पट्ट्या गोळा केल्या,
मळल्या, एकच पोळी लाटली,
पसरली सगळ्यावर चादरीसारखी,
नाही, चादरीसारखी नाही,
पोळीसारखीच,
आणि मधोमध करंगळीनं भोक पाडलं.
"वाफ जाऊ दे. पुरे."

कड आईनं घेतली, कुणी सांगितलं नव्हतं.
चिमटीत धरायची, अंगठ्यानं आत,
पुढची, आत, पुढची,
विडीचं तोंड मिटावं तशी.
बघत नव्हती. पंचवीस झाल्या तशी थांबली,
कट्टा बांधायला दोरा शोधल्यासारखा हात गेला बाजूला.
मग तिला उरलेली कड दिसली.
पुन्हा एकपासून.

सात वाजता जर्मनचं ताट मांडीवर घेऊन
रिक्षानं नदाफांच्या भट्टीवर.
पाव निघाले होते, निखारे उतरणीला.
"नानकटाई?"
म्हटलं, पाय.
"पाया? बाई, पाया भट्टीत नाही होत,
त्याला रात्रभर चूल लागते."
मग त्यांनीही वाकून त्या भोकातून आत पाहिलं,
आणि काही न बोलता
लांब फावड्यानं ताट आत ढकललं.
पैसे घेतले नाहीत. म्हणाले, जळलं तर शिव्या नकोत.

उजवीकडून जळलाच थोडा,
भट्टीची ती बाजू कडक.
आणि पंचविसाव्या चुणीनंतर,
जिथं आई थांबली होती,
तिथं कड उघडली होती, चीज बाहेर येऊन
ताटाला चिकटून खरपूस झालेलं.
आईनं आधी तेच खरवडून घेतलं, उलथन्यानं,
कुणाला विचारलं नाही.

नायनांनी कडक भाकरीसारखा मोडून खाल्ला,
सोबत कांदा, फोडलेला.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग माग चालू असल्यासारखे ओरडून म्हणाले:
"भोक लहान पडलं!"

भिंतीपलीकडून विजयाक्कांचा आवाज:
"काय लहान पडलं हो?"

आईनं एक तुकडा वाटीत काढला,
वर ताटली झाकली,
आणि चप्पल शोधू लागली.