स्कूटरची जागा

स्कूटर विकली, आणि फाटकाच्या आत
एक लांबट जागा उघडी पडली.
साडेसहा फूट बाय तीन.
ह्यांनी टेप लावून मोजली,
कशासाठी ते सांगितलं नाही.
तेवीस वर्षं एकाच ठिकाणी टपकलेलं ऑइल
आमच्या मालव्याच्या काळ्या मातीतही वेगळं कळतं.
जरा जास्तच काळं, आणि चिमटीत धरलं
तर सुटायला तयार नाही.

मी म्हटलं, इथे भाजी लावू.
हे म्हणाले, इथे काही येणार नाही.
आणि पेपर उलगडला.

गेर होऊन दोन दिवस झाले होते.
गल्लीतल्या पोरांच्या कानांमागे अजून हिरवा रंग,
कडुनिंब सगळी पानं आमच्या दारात टाकून मोकळा.
कुदळ मागायला गेले तर सरोजभाभी म्हणाल्या,
"क्या लगा रही हो, काकी?"
"गिलकी," मी म्हटलं.
घरात घोसाळं, फाटकाबाहेर गिलकी.
राजेंद्र नगरात चाळीस वर्षं काढली की
जीभ तेवढ्या दोन पावलांत आपली आपण वळते.

खणताना निघालं:
एक नट, प्लगचा पांढरा तुकडा,
पंचवीस पैसे,
आणि लाल क्लिप, जिच्यासाठी शाल्मली
दुसरीत असताना रात्री जेवली नव्हती.
क्लिप धुऊन खिडकीत ठेवली.
तिला फोटो पाठवला. तिनं विचारलं, कोणाची गं?

तेलकट माती चार घमेली भरली.
सकाळी कचरागाडी आली, पोरगा म्हणाला,
"गीला है कि सूखा?"
आम्ही दोघंही बराच वेळ
घमेल्याकडे बघत उभे राहिलो.

छावनीतून बिया आणल्या, पेपरच्या पुड्यांत.
भेंडी, चवळी, गिलकी.
गिलकीच्या बिया काळ्या, चपट्या, खरखरीत,
टरबुजाच्या बियांच्या गरीब चुलतबहिणी.
रात्रभर वाटीत भिजवल्या.
हे पाणी प्यायला उठले, वाटीशी थांबले,
चष्मा आणायला गेले,
आणि परत आलेच नाहीत.

नर्मदा आमच्याकडे एक दिवसाआड येते,
पहाटे पावणेसहाला, चाळीस मिनिटं.
आधी पिण्याचं, मग टाकी, मग धुणं.
एवढा घाट चढून आलेली नदी
भेंडीच्या मुळाशी ओतायची
म्हणजे हात जरा आखडतोच.
म्हणून तांदळाचं धुवण, डाळीचं धुवण,
भाज्या धुतलेलं गढूळ,
दुपारपर्यंत बादलीत साठवायचं.

चौथा दिवस. काही नाही.
पाचवा. खारीनं एक बी उकरून
भिंतीवर बसून, माझ्यादेखत सोललं.
सहाव्या दिवशी मी बघायचं सोडलं.
चैत्राचं ऊन भिंतीवरून खाली उतरायला लागलं होतं.

वीजबिल शोधताना ह्यांची वही हाती लागली,
हिरव्या पुठ्ठ्याची, पेट्रोलच्या हिशेबाची.
किती लिटर, किती किलोमीटर, कुठे हवा भरली.
शेवटची नोंद: गाडी दिली. चौरसिया. किल्ल्या दोन्ही.
त्याखाली एक ओळ कोरी.
त्याखाली, त्याच बारीक अक्षरात:
चवळी, अकरापैकी नऊ.
गिलकी, सहापैकी दोन.
भेंडी शून्य. ऑइल?
पुन्हा लावावी, भिंतीकडून हातभर सोडून.

बिल सापडलं नाही.
वही होती तशी ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी नळ यायच्या आधीच जाग आली.
जाळीच्या दारातून बघितलं.
झारी भरून हे वाफ्यापाशी उभे,
आणि ओतायच्या आधी
ती एका अंगाला कलती करून, तशीच धरून,
मनात काहीतरी मोजत होते.
थंडीत स्कूटर किक मारण्याआधी धरायचे, तशी.

मी दार वाजवलं नाही.
चवळीला आता काठ्या लागतील.
सुतळी कुठेतरी माळ्यावर आहे.