मळी

उसाची साखर होते, मागं उरते ती मळी.
मळीसाठी म्हणून कुणी ऊस लावत नाही.
माझे हे मैल तसलेच.

शिरोलीच्या फौंड्रीत सतरा वर्षं
कोक, स्क्रॅप, बेंटोनाइट, पिग आयर्न
सगळं मी कार्डावर घेतलं.
मगदूम अकौंटंट दर महिन्याला कुरकुरायचे,
'मालक, सरळ चेक द्या की. ह्यो कसला नाद?'
नादच.
इकडं भट्टी पेटायची
आणि तिकडं कुठल्याशा खात्यात
माझ्या नावावर आभाळ साचायचं.

जावई म्हणाला, दुबई करा, सिंगापूर करा.
मी म्हटलं, तिथं आख्खी शाहूपुरी भेटती.
एवढ्या मैलांत सगळ्यात लांब काय येतं, ते सांग.

मग रात्री दोनला उठून सीटा बघणं सुरू झालं.
एक सुटायची, दुसरी अडकायची,
दोन मिळाल्या तर एक मंगळवारची, एक शुक्रवारची.
शालन अंधारातच म्हणाली,
'बाई ठेवलीय काय त्या मोबाईलात?'
मी म्हटलं, तुवालू.
ती म्हणाली, 'नाव तरी बरं ठेवायचं तिचं.'

उजळाईवाडीहून उडालो तेव्हा
रंकाळा खिडकीत वाटीएवढा दिसला
आणि मग तेवढाही नाही.
मुंबई. एक रात्र खुर्चीत. सिडनी. फिजी.
शेवटच्या टप्प्याला मैल चालत नव्हते,
तिथं रोख मोजले. ते मगदूमना अजून सांगितलेलं नाही.

देश कसला,
समुद्राच्या लुगड्याला लावलेला काठ.
इकडं उभं राहिलं की तिकडचं पाणी दिसतं.
विमान येण्याआधी भोंगा होतो, पोरं बाजूला होतात;
विमान गेलं की धावपट्टी पुन्हा पोरांची.
तिन्हीसांजेला शालन तिथंच डांबरावर बसली,
चपला उशाला घेऊन,
आणि जयसिंगपूरच्या भडंगाची पिशवी सोडली.
चार पोरं आली, मग अकरा.
लसणीची पाकळी पहिल्यांदा दाताखाली आलेल्या पोरीचं तोंड
मी कुठल्याच फोटोत धरू शकलो नाही.

गेस्ट हाउसच्या मागं पाण्याच्या टाकीला एक पंप होता.
मी वाकून बघितलं, सवयीनं.
बिडावरचा शिक्का कोइंबतूरचा.
एवढ्या लांब येऊन!
जेवण गेलं नाही त्या रात्री.

गेस्ट हाउसवाला सेलू म्हातारा, कमी बोलणारा.
म्हणाला, मोठ्या भरतीला पाणी काठावरून येत नाही,
खालून येतं, अंगणातून, पायाखालून.
मी म्हटलं, आमच्याकडंही येतं.
एकोणीस साली फौंड्रीवाल्या पाहुण्यांना मी
गॅलरीतून बोटीत घेतलंय.
पंचगंगेची पातळी आम्ही फुटांत बोलतो,
राजाराम बंधाऱ्यावर त्रेचाळीसला धोका.
त्यानं विचारलं, त्रेचाळीस फूट?
आणि हसला.
त्याच्या देशातली सगळ्यात उंच जागा
पंधरा.

मी पुढं बोललो नाही.
शालननं त्याच्या पुढ्यात उरलेलं भडंग सरकवलं.
भोंगा झाला, विमान नव्हतं,
कुणीतरी चाचणी घेत असावं.

आता परत शिरोलीत.
मगदूम विचारतात, 'मग? बघितलं काय तिथं?'
मी सांगतो, पंप कोइंबतूरचा.
ते मान हलवतात, त्यांना तेवढं पुरतं.
आज पिग आयर्नचा ट्रक आला, कार्ड काढलं नाही.
नंतर काढलं.

खात्यात अडुसष्ट मैल उरलेत.
मोजून बघितलं,
बेळगावला उतरवतील.