कवडशांवरून खिडकी

एकशे अठ्ठावीस खिडक्या इब्न तुलूनच्या मशिदीला.
मोजणारे मोजतात, मध्येच चुकतात,
पुन्हा पहिल्या कमानीपाशी येतात.
माझ्या वाट्याला एकच आली, नैऋत्येच्या भिंतीतली,
जिथं जाळीऐवजी पत्रा ठोकलाय
आणि पत्र्यामागं कबुतरं.

नकाशा नाही. फोटो नाही.
कचेरीतल्या बाईंनी कपाट उघडून दाखवलं:
त्या भिंतीच्या फायली
वाळवीनं आधीच वाचून संपवल्या होत्या.

कोरा कागद मी बोटाला गुंडाळत बसले.
असाच गुंडाळत होता म्हणे अमीर, भर दरबारात,
आणि कुणी पाहिलं तेव्हा ओशाळून म्हणाला,
असा मिनार बांधा मला.
खरं-खोटं मिनाराला ठाऊक. जिना मात्र बाहेरूनच वळत जातो.

खांबांचंही असंच सांगतात.
दगडी खांब हवेत तर चर्चं मोडायला हवीत,
म्हणून विटा भाजल्या, विटांचेच खांब रचले.
ज्या शहरासाठी हे केलं
ते तीस वर्षांत जमीनदोस्त झालं.
पंगत उठून गेल्यावर चुलाण्यावर राहिलेल्या हंड्यासारखी
ही एवढी राहिली.
मग त्या हंड्यात ज्याला जे सुचलं त्यानं ते शिजवलं:
कुणी मीठ साठवलं,
कुणी सैन्याचे लोकरी पट्टे विणले,
कुणी वेडी माणसं आणून ठेवली.

"जाळी मी पाहिलीच नाही, नश्वा,"
जोडे सांभाळणारे शहाताकाका म्हणाले.
"मान वर करायचं माझं काम नव्हे.
पण तिचे कवडसे?
सत्तावीस हिवाळे मी त्यांच्यातच जोडे मांडले."
आणि खडूनं फरशीवर काढू लागले,
गुडघे धरत, पुसत, थांबत:
इथं कासव. इथं दोन मासे. इथं लिंबाची फोड.

असरच्या वेळचं तिरकं ऊन.
ते चांदणीचा मासा करतं, वर्तुळाची फोड.
मी तीन आठवडे माशांच्या चांदण्या करत होते.

जिप्सम कालवलं की हाताशी पाव तास.
बाबा म्हणायचे, त्याला घाई चालत नाही
आणि उशीर तर मुळीच नाही.
चार साचे फुकट गेले. पाचवा निघाला.

बसवली त्या दिवशी शहाताकाका आले,
खिडकीकडं पाठ करून उभे राहिले.
ऊन भिंतीवरून उतरलं, चटईवर आलं, लांबलं.
कासव आलं. मासे आले.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "कासवाचा एक पाय तुटका होता."

पटाशी माझ्या खिशातच होती.
शिडीही अजून भिंतीला टेकलेली.
मी वर पाहिलं, त्यांनी खाली,
आणि उन्हातले तीन जोड उचलून
त्यांनी बाजूला ठेवले.